कंपनीतला पोळा

आमच्या कंपनीत ट्रॅक्टरचे गिअर बनतात. पोळ्याच्या दिवशी तेवढे बनत नाहीत. बनवणारे निम्मे लोक करमाड आणि आसपासच्या खेड्यांतले. त्या दिवशी कुणाला जुलाब होतात, कुणाची आजी वारते. काहींची तर दरवर्षी तीच आजी वारते. बाहेरून बदलून आलेल्या साहेबांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी तोडगा काढला: रजा बंद, पोळा कंपनीतच.

"शेती आणि उद्योग ही एकाच गाडीची दोन चाकं" हे साहेबांचं लाडकं वाक्य. झेंडावंदनाला ते बोलले, सेफ्टी सप्ताहात बोलले, कँटीनमध्ये नवा फ्रीज आला तेव्हाही बोलले. आता त्यांना ते प्रत्यक्ष दाखवायचं होतं. बैलगाडीत कोरा गिअरबॉक्स ठेवायचा, गाडी गेटपासून शेडपर्यंत न्यायची आणि फोटो हेड ऑफिसला पाठवायचा. अडचण एवढीच की बैल पाहिजे होते, आणि आमच्याच गिअरवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांनी गावोगावचे गोठे रिकामे केले होते. आमच्या गावात एकच जोडी उरली होती, माझ्या वडिलांची. साहेब माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. मला कायम करणं त्यांच्याच हातात होतं, न हसून सांगतो कुणाला!

वडील नाही म्हणतील या भरवशावर मी विचारलं, तर ते हो म्हणाले. कंपनीच्या जागेत पूर्वी आमची ज्वारी होती. आता तिथं पार्किंग आहे, आणि माझी मोटारसायकल रोज आमच्याच जुन्या बांधावर उभी असते. जमीन गेल्यापासून वडिलांनी त्या गेटच्या आत पाय टाकला नव्हता.

"बघू तरी, काय पेरलंय तिथं," ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बैलांचे खांदे मळले. वर्षभर जू घासून खांदा टणक होतो, त्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." वडील हे अशा अदबीनं म्हणतात की तेवढी अदब त्यांनी मला माझ्या लग्नातही दाखवली नाही.

सकाळी गाडी टेम्पोत घालून पुढं धाडली आणि वडील झूल पांघरलेले बैल हाकत पायी आले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना अडवलं.

"चाचा, सेफ्टी शूज के बगैर अंदर नक्को."

वडिलांनी बैलाचा पाय उचलून दाखवला. "नाल ठोकलेत की. लोखंडाचे हायेत, तुमच्यापरीस मजबूत."

आत साहेब गुलाबी फेटा बांधून उभे होते. गाडीत गिअरबॉक्स होता, त्याला झेंडूचा हार होता. "चला, जुंपा!" साहेब म्हणाले.

"आज नाय," वडील म्हणाले. "आज पोळा. आज जू चढत नाय त्यांच्या खांद्यावर."

गाडीला बैल लावायचे असतात हे साहेबांना ठाऊक होतं. पोळ्याला ते लावायचे नसतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मला वाटलं होतं, दोन मिनिटांचा तर प्रश्न, वडील चालवून घेतील.

"समजाव वडिलांना," साहेब मला म्हणाले.

वडील फक्त माझ्याकडे बघत राहिले. मला साहेबांचा राग आला, त्याहून जास्त वडिलांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा. त्या तिरमिरीत मी जू उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूला एचआरचा माणूस आला, कारण साहेबांनी त्याच्याकडे बघितलं होतं. गाडी हलली. साहेब टुणकन उडी मारून गिअरबॉक्सशेजारी बसले, हात हलवू लागले, आणि दोन चाकांचं भाषण त्यांनी तिथूनच सुरू केलं. सगळे चाकांबद्दलच बोलतात. ओढतं कोण, ते भाषणात कधीच येत नाही.

बैल कडुनिंबाखाली उभे राहून कँटीनची पुरणपोळी खात होते. फोटो फार छान आला. हेड ऑफिसला आवडला म्हणे.

संध्याकाळी घरी शर्ट काढला तर खांदा लालबुंद झाला होता. वडील हळद-लोण्याची वाटी घेऊन मागं येऊन बसले. आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली, पण ते नुसतेच चोळत राहिले, सावकाश, बैलांना चोळतात तसं. चोळून झाल्यावर माझ्या कानाशी वाकले आणि थांबले.

"उद्या काय हाय तुला?"

"फर्स्ट शिफ्ट."

"मग आवतन देत नाय," ते म्हणाले, आणि वाटी घेऊन उठले.