आज पापलेट घेऊ नका

गेल्या रविवारी सकाळी नवीन पनवेलच्या आमच्या घरात आईचं आणि माझं चांगलंच वाजलं... आणि कारण काय, तर पापलेट.

आधी थोडं मागचं सांगते. आई मूळची उरणची, कोळ्याघरची. लग्न होऊन पनवेलला आली तेव्हापासून मच्छी मार्केटात कोपऱ्यातल्या ओट्यावर बसून मासे विकत आली. दादाचं आणि माझं शिक्षण त्या ओट्यानेच केलं.

मग गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी मांडी घालून बसणं बंद केलं, ओटा मावशीकडे गेला... आणि आमची बडबडी आई घरात गप्प झाली. टीव्ही चालू असायचा, पण काय लागलंय विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. पाय दुखतात म्हणून कधी तक्रार नव्हती, पण तिचं असं गप्प बसणं बघून मला भीती वाटायला लागली होती.

म्हणून मी वेबसाईट काढली. दादा पहाटे मोरा बंदरावरून मासे आणणार, आई घरी खुर्चीत बसून ते निवडणार, आणि आलेल्या ऑर्डरी दादा बाईकवरून पोचवणार. लिंबाच्या चकत्या आणि कोथिंबीर लावलेल्या माशांचे रेडीमेड फोटो घेतले, साईट अगदी हॉटेलसारखी दिसायला लागली.

फक्त तिथे कोणी थांबत नव्हतं. लोक यायचे, डोकावायचे आणि जायचे. कोण किती वेळ थांबलं याचा रिपोर्ट मी ऑफिसात जेवताना उघडायचे आणि डबा गोड लागायचा नाही.

मग सुरू झाले माझे प्रयोग. रेसिपी टाकल्या. 'ओळखा पाहू मासा' असा खेळ टाकला. पान उघडल्याबरोबर कोळीगीत वाजेल अशी सोय केली... तर माझ्याच मैत्रिणीचा फोन आला, की भर ऑफिसात तिच्या कॉम्प्युटरवर ढोलकी सुरू झाली आणि साहेब केबिनमधून बाहेर आले. गाणं काढून टाकलं.

शेवटचा उपाय म्हणून, कोणी जायला निघालं की 'थांबा, जाऊ नका' अशी पाटी उड्या मारत समोर यायची. आईने ती पाहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "जानाऱ्याचा पदर धरून कोन थांबतं काय गो?" म्हणाली. मी मनात म्हटलं, तुला काय कळतंय वेबसाईटमधलं.

तर रविवार. रविवार म्हणजे आमच्या धंद्यातला सण, आणि दादाने पापलेट भरपूर आणलेलं, सोबत बांगडाही. आईने खुर्चीतूनच एक उचललं, कल्ला उघडून बघितला, पोट दाबलं आणि अख्खी टोपली बाजूला सरकवली. मासा ताजा असला की कल्ला आतून लालभडक असतो, हा फिका पडला होता. दादा घाईत फसला होता.

"पापलेट बरा नाय. बांगडा चांगला हाय. तसं लिव तुज्या साईटवर."

मी म्हटलं, पापलेट संपलं असं लिहिते. तर म्हणते, "संपला कुठं? हा काय समोर हाय." आपल्याच दुकानात 'घेऊ नका' असं कोण लिहितं, म्हणून मी चिडले. तीही चिडली. "मी ओट्यावर बसून जन्मभर हेच सांगत आली. बायका उगाच थांबायच्या माज्याकडं?"

शेवटी रागारागात म्हटलं, घे, होऊ दे तुझ्या मनासारखं. लिंबूवाले फोटो उडवले. आईने एका हातात पापलेट धरलं, एका हातात बांगडा, दोन्हीचे कल्ले अंगठ्याने उघडले, आणि मी मोबाईलवर फोटो काढला... हातात हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण, सगळं दिसत होतं. खाली तिचे शब्द जसेच्या तसे टाकले. खरं सांगायचं तर तिला धडा मिळावा म्हणूनच.

तासाभराने रिपोर्ट उघडला आणि मला वाटलं काहीतरी बिघडलंय. लोक थांबत होते. फोटो मोठा करून बघत होते, वर जाऊन परत खाली येत होते... अगदी मार्केटात बायका मासा उलटासुलटा करून बघतात तसं.

तेवढ्यात फोन वाजला. सेक्टरमधल्या कोणी सावंत काकू होत्या. ऑर्डर राहिली बाजूला, आधी त्यांनी विचारलं, "या त्याच का हो, मार्केटात कोपऱ्यात बसायच्या त्या? मी हात ओळखला." मी हो म्हटलं. तशा त्या म्हणाल्या, "ओट्यावर दिसेनाशा झाल्या, तर आम्हाला भलतंच वाटलं होतं. जरा द्या ना त्यांना फोन."

आईने फोन कानाला लावला आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, लेकीचं लगीन झालं का तुमच्या?" मग दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. मी ओट्यापाशी, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी, पाठ करून उभी राहिले आणि मनसोक्त रडून घेतलं.

बांगडा दुपारच्या आत संपला. पापलेटावर शेजारच्या मांजरांची चंगळ झाली.

आता रोज सकाळी आईचा हात आणि आईचं मत साईटवर जातं. उड्या मारणारी पाटी मी गुपचूप काढून टाकली. आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ती ऑर्डरी किती आल्या ते विचारत नाही... "आज किती जणी थांबल्या?" एवढंच विचारते.

ज्या ज्या तुम्ही थांबलात, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आमची आई पुन्हा बोलायला लागली आहे.