ताटामागं माणूस

मी कॅमेरा डोळ्याला लावला, की मावशी भिंगासमोर पळी आडवी धरायच्या. "निवतंय न्हवं का, पावणं! आधी जेवा."

हॉटेलांच्या जेवणाचे फोटो काढणं हा माझा धंदा. मावशींची खानावळ कोल्हापुरात आमच्याच गल्लीत, अजून पाटावर पंगत बसवणारी. समोर दोन चकचकीत हॉटेलं झाली आणि पंगती विरळ झाल्या. मोबाइलवरच्या ऑर्डरी सुरू झाल्या नाहीत, तर दिवाळीपर्यंत दाराला कुलूप लागणार होतं. म्हणून मावशींच्या सुनेनं मला बोलावलं. ऑर्डरी घेणाऱ्या मोबाइलवाल्यांना भरल्या ताटाचे फोटो हवे होते. अट एकच, फोटोत माणूस दिसता कामा नये.

फोटोतलं जेवण नटवलेलं असतं, हे तुम्हाला म्हणून सांगतो. मटण चमकावं म्हणून मी त्याला ब्रशनं तेल लावत होतो. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "त्याचं काय लगीन हाय?"

पांढरा रस्सा तर महाछळवादी. वाटीत तो हमखास ताकासारखा दिसतो. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "पांढरा हाय, पांढराच दिसणार की!"

खरी अडचण पुढेच होती. ताट मांडून झालं आणि मी पाटावरून उठून बाजूला झालो. मावशींनी लगेच ताट उचललं.

"रिकाम्या पाटाम्होरं ताट मांडायचं न्हाय. ते गेलेल्या माणसाचं असतंय. कोणतरी बसा."

मी परोपरीनं समजावलं. धंदा बसेल म्हटलं. "बसू दे," म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. उभा जन्म त्या चुलीपुढे गेला होता त्यांचा.

शेवटी मीच पाटावर बसलो. कॅमेरा तिपाईवर, डाव्या हातात त्याचं बटण, उजव्या हातात भाकरी. प्रत्येक फोटोत माझी रश्श्यात बुडालेली बोटं आली. मोबाइलवाल्यांनी सगळे फोटो परत पाठवले.

मी चिडलो. सुनेनं मात्र त्यातला एक मोठा करून दारावर लावला. आठ दिवसांत लोक डोकावून विचारू लागले, "फोटोतल्या बोटास्नी लागलाय, त्योच रस्सा मिळतोय न्हवं?" पंगती पुन्हा भरल्या. मावशी पळी नाचवत मला ऐकवायच्या, "ताटामागं माणूस लागतंय, पावणं!" मी खाली मान घालून जेवायचो. त्या बाईपुढे हरण्यात मला फार सुख वाटायचं.

मावशींना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी सुनेनं त्यांच्या नेहमीच्या जागी पाट ठेवला आणि ताट वाढलं. त्यांच्या आवडीचं सगळं होतं. खिडकीतला उजेड नेमका तांबड्या रश्श्याच्या वाटीवर पडला होता, वाफ सरळ वर जात होती. आसपास माणूस नव्हतं. मला हवं होतं तसं ताट अखेर समोर होतं आणि कॅमेरा खांद्यालाच होता.

मी तो काढला नाही. ताट निवत होतं आणि आधी जेवा म्हणणारं कुणी नव्हतं.