आजोबांच्या खुर्चीची जाड चाकं

तुमच्या आजोबांना केळव्याच्या समुद्रात पाय बुडवायचे होते, पण त्यांच्या चाकाच्या खुर्चीची बारीक चाकं वाळूत रुतायची. बोईसरच्या एका लेथवाल्याने खुर्चीच्या आसाला लावायचे ॲल्युमिनियमचे दोन जोड करून दिले, त्यांवर जाड चाकं बसली आणि आम्ही पाण्यापर्यंत पोचलो. ही चाकं मात्र घराच्या दारातून जात नाहीत. परतल्यावर बदलावीच लागतात.

मग आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. चौथ्या रविवारी खाऱ्या पाण्याने लोखंडी बोल्ट गंजून जोडात घट्ट बसले. आजोबा अंगणातच अडकले.

शेजारची मासळीवाली माझ्याकडे बघून हसली. "काका, आता हितंच रावा. काकूंनी घराबाहेर काढलं तुमाला."

तिच्या नवऱ्याने तेल सोडून बोल्ट सुटेपर्यंत दोन तास गेले. तोवर तिने बोंबील तळून आणले, गल्ली जमली, आजोबांनी गप्पांचा फड रंगवला.

बोल्ट पुन्हा चिकटू नयेत म्हणून आता जोडात नायलॉनच्या बुश, म्हणजे आतली नळकांडी, आहेत. दर फेरीनंतर मी सगळं गोड्या पाण्याने धुते, पुसते, ग्रीस लावते. परवा आजोबा हळूच म्हणाले, "आज ग्रीस विसरलीस तरी चालेल."

मी ग्रीस लावलंच. मग चहा अंगणात मांडला आणि शेजारी हाक मारली.