कुठला हात वर केलास

"ज्यांना कधी मरून जावंसं वाटतं, त्यांनी हात वर करा."

शिबिर घेणाऱ्या मॅडम माईकवरून विचारत होत्या. पनवेलमधला लग्नाचा हॉल, गरोदर बायकांसाठी मोफत शिबिर. आधी रक्त तपासलं, वजन केलं. मग मनाची तपासणी म्हणून सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. प्रत्येकीच्या शेजारी तिची सासू नाहीतर आई.

मी हात वर केला.

दुसऱ्या कोणाचाच नव्हता. मला वाटलं, वर्गात विचारतात तसं विचारलंय, खरं उत्तर द्यायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, दिवस राहिले, कॉलेज सुटलं. नवरा द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर. दारू प्यायचा नाही. शुद्धीत मारायचा. रिक्षा खाडीच्या पुलावर आली की मला तिथेच उतरावंसं वाटायचं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"हात खाली घे," सासू दात आवळून म्हणाली. "लाज हाय का नाय?"

पण मॅडमनी पाहिलं होतं. "ये बाळा, वर ये."

मी स्टेजवर गेले.

"शिकलेली दिसतेस. कुठली तू?"

मी रोडपालीजवळचं आमचं गाव सांगितलं. मॅडम हॉलकडे वळल्या.

"बघा. गावठाणातली. संपादनात गेलेल्या जमिनीचे पैसे मिळालेत, अंगावर सोनं आहे, दारात गाडी असेल. आणि हिला मरावंसं वाटतं. माझ्याकडे कामाला येणारी बाई नववा महिना लागला तरी फरशी पुसत होती. तिला नाही वाटलं." हॉल हसला. "रिकाम्या डोक्याचे लाड आहेत हे. सासूबाई आल्यात का? लक्ष ठेवा हो हिच्यावर."

मॅडमचा आणि माझा फोटो काढला. लाडवांचं पाकीट दिलं.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या सासूने सगळं सांगितलं. नवऱ्याची सुट्टी होती, तो जेवत होता. त्याने जेवण संपवलं, हात धुतले, पुसले.

"कुठला हात वर केलास?"

मी उजवा दाखवला. तेही खरंच सांगितलं.

त्याने मनगट धरलं, बोटं दाराच्या फटीत घातली आणि दार ओढलं. आधी आवाज आला. दुखणं मागून आलं. पोटात बाळ गर्रकन फिरलं. मी खाली कोसळत होते, तेव्हा सासू म्हणाली, "पोटाला लागू नको देऊ रे."

दवाखान्यात सांगितलं, दारात सापडली बोटं. पुढच्या शिबिरातही तेच सांगितलं.

मॅडमनी प्लास्टर पाहिलं. "धांदरट आहेस," म्हणाल्या. मग मला पुन्हा वर बोलावलं. "ही आपली मागच्या वेळची मुलगी. आता छान आहे. सांग बघू सगळ्यांना, हसून सांग."

माईक मी डाव्या हातात घेतला. बोलायचं काय, ठरवलेलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून मी हात वर केला. घरी नवऱ्याने विचारलं, कुठला हात. हा." मी प्लास्टर वर केलं. "तुम्ही माझ्या सासूला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलंत, त्याची किंमत ही बोटं आहेत. असं विचारायचं असेल तर विचारू नका."

माईक बंद झाला. सासू स्टेजवर आली आणि तिने माझ्या कानफटात दिली. पुन्हा दिली. ओठ फुटला. आता कोणी हसत नव्हतं. उठतही नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "प्लीज, हे तुमच्या घरी जाऊन करा."

मी पायऱ्या उतरले आणि चालत हॉलच्या बाहेर पडले. सिक्स सीटर रिक्षा पकडून पळस्प्याला आईकडे गेले.

नवरा न्यायला आला. वडील म्हणाले, "जा बाय, असं बरं दिसत नाय." मी आतून कोयती आणली आणि डाव्या हातात धरून दारातल्या ओटीवर बसले. पोट मांडीवर टेकलेलं.

"आत पाऊल टाकलंस तर तुझाही उजवाच घेईन," मी म्हणाले.

तो हसला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि गेला. त्याने पाऊल टाकलं असतं तर मी घेतला असता. आजही घेईन.

मुलगी झाली. ती माझ्या आईजवळ राहते, मी पुन्हा कॉलेजला जाते. बोटं वाकडीच जुळली, अक्षर वाईट येतं. समाजकार्याच्या अभ्यासाचा भाग म्हणून आता मला एका आरोग्य केंद्रात पाठवतात. गरोदर बायकांना तेच विचारायचं असतं. झोप लागते का. रडू येतं का. मरावंसं वाटतं का.

परवा एक सासू सुनेच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. "आमच्यासमोर इचार. आमच्यात लपवायचं काय हाय?"

"तुम्ही बाहेर बसा," मी म्हणाले.

"आमी नाय जानार."

मागे रांग होती. नर्स म्हणाली, "अगं, विचारून टाक ना पटकन."

मी उठले. बाईच्या दंडाला धरून तिला बाहेर काढलं. ती शिव्या देत होती. तिची सून मान खाली घालून बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून.

मी दार लावलं. वाकड्या बोटांनी कडी लवकर बसत नाही. बाहेरून दार वाजत राहिलं.

कडी बसेपर्यंत मी कोणालाही काहीही विचारणार नाही.