मुलीकडचा फोन

दिवाळे गावच्या मासळीबाजारात जमुनाबाई फोनवर गोड बोलू लागल्या, की शेजारच्या बायका ओळखायच्या, त्यांच्या लेकासाठी, अंकुरसाठी स्थळ आलंय. गिऱ्हाइकाच्या वाट्याला तो आवाज कधी आला नव्हता.

अंकुरला पॅकिंगच्या कंपनीनं कपातीत काढलं होतं, तेही तोंडी. पगारातून कामगार विम्याचा हप्ता कापला जायचा, म्हणून त्यानं बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. जमुनाबाईंनी मात्र ‘काढला’ हा शब्द घरात बंद केला. काढलेल्या पोराला मुलगी कोण देणार?

आणि अर्जावर जमुनाबाईंचा नंबर होता, म्हणून विमा कार्यालयातून चौकशीचा फोन नेमका त्यांनाच आला. बाजाराच्या गलक्यात कार्यालयाचं नाव विरून गेलं. समोरचा माणूस अदबीनं विचारत होता, "अंकुर तुमचाच मुलगा ना? आधीचं काम कसं सुटलं?"

जमुनाबाईंनी हातातलं पापलेट खाली ठेवलं. "सुटला कसला! आमचे पोरानंच लाथ मारली. कंपन्या दारात उभ्या हायेत." वर लगेच, "पोरगी काय शिकलीय तुमची?"

फोन कट झाला. पुढं उत्तर आलं: नोकरी स्वखुशीनं सोडली, सबब भत्ता नामंजूर.

"आये," अंकुर म्हणाला, "दारातल्या कंपन्यांपैकी एक तरी आत घे गं."

वकील नमिताताईंनी न्यायालयात दाद मागितली, पण आईनं साक्ष द्यायची या अटीवर. साक्षीला बाजारातल्या चार जणी सोबत म्हणून आल्या. खरं तर ऐकायला आल्या.

"मुलानं नोकरी सोडली, की त्याला काढलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

जमुनाबाईंनी मागं पाहिलं. चौघींचे कान टवकारलेले, अंकुरची मान खाली. त्यांनी पदर खोचला.

"काढला."

"मोठ्यानं बोला."

"काढला, साहेब!"

"मग फोनवर लाथ मारली का म्हणालात?"

"मना वाटला, मुलीकडचा मानूस हाय. त्यांना खरं कोन सांगतं? इचारा त्या साहेबाला, मी पोरीचा शिक्षनपन इचारला व्हता!"

विमा कार्यालयाचे साहेब उभे राहिले. "विचारलं होतं खरं," ते ओशाळून म्हणाले. "मला लग्नाची मुलगी आहे. मी दचकून फोन ठेवला."

न्यायाधीशांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

निकाल अंकुरच्या बाजूनं लागला. दुसऱ्या दिवशी जमुनाबाई बाजारभर सांगत होत्या, "कोर्टानं मानला! माझे पोराला काढलाच हाय!"

संध्याकाळी टोपली आवरताना आवाज एकदम गोड झाला. "अंकुर, त्या साहेबाची पोरगी काय शिकलीय, कललं काय रं?"