चिमूटभर धूप

दिवसभर दवाखान्याच्या चादरी वाफेच्या पिंपात ढकलायच्या आणि घरी आलं की रोमच्या बादशहाला शिव्या घालायच्या, हा आमच्या ह्यांचा धंदा. हे धुलाईखात्यात मुकादम आहेत. बादशहाचं नाव डेसियस. मेल्याला सतराशे वर्षं उलटून गेली, पण आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून त्याचंच राज्य. पुस्तकांच्या ढिगात ताट ठेवायला जागा मिळेल तर शपथ!

या डेसियसने फर्मान काढलं होतं: प्रत्येकाने देवांपुढे बळी द्यावा, निदान चिमूटभर धूप तरी आगीत टाकावा. नाही म्हणेल त्याची रवानगी तुरुंगात, नाहीतर वर. बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी मुकाट धूप टाकला. ह्यांचा खरा राग बादशहावर नव्हताच, या लोकांवर होता. हे त्या काळावर पुस्तक लिहीत होते, त्यातल्या त्यांच्यावरच्या प्रकरणाला ह्यांनी नाव दिलं, 'शेपूटघाले'.

"एवढासाही कणा नव्हता?" हे भरल्या तोंडाने गरजायचे.

"तुमचं काय जातंय? तुम्हाला गरम गरम मिळतंय," मी म्हणायची.

मग दवाखान्यात नवे मोठे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी स्वतःचा फोटो खात्याखात्यात टांगला. कामावर येताना प्रत्येकाने त्यापुढे मान लववून 'साहेबांचे आभार' म्हणायचं, असा हुकूम सुटला. मला तर हसून हसून ठसका लागला.

हे हसले नाहीत. घर दवाखान्याचं, लेकीचं शिक्षण अर्धवट. मीच म्हणाले, "म्हणून टाका हो. तोंडाची वाफच दवडायची ना? धुलाईखात्यात वाफेला काय तोटा!"

ह्यांनी म्हटलं. मुकादम म्हणून रांगेत पहिले होते, त्यामुळे मागच्यांनीही म्हटलं. डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री करणारी मावशी तेवढी फोटोपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आभार कसले? कोट तर मी कडक करते," म्हणाली आणि कामाला लागली. दुपारी तिला काढून टाकलं. तिच्या कपाटाची किल्ली परत घ्यायचं काम मुकादमाचंच होतं.

त्या संध्याकाळी ह्यांनी डेसियसला एकही शिवी दिली नाही. ताटातला घास चिवडत राहिले. मग म्हणाले, "ते लोक धूप टाकून घरी आल्यावर बायकोला काय सांगत असतील गं?"

"काय सांगणार? वाढ म्हणाले असतील."

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," हे म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. मला भडभडून आलं. एवढा मोठा गडगडणारा माणूस, आणि सल्ला तर माझाच होता.

"पुढे काय झालं त्या लोकांचं?" मी विचारलं.

"बादशहा दोन वर्षांत लढाईत खपला. मग हे लोक रडत चर्चकडे परत आले, आम्हाला पुन्हा आपल्यात घ्या म्हणून. बऱ्याच जणांना घेतलंही. पण आधी कितीतरी दिवस दाराबाहेर उभं राहावं लागलं."

"मग उठा," मी म्हणाले. "चपला घाला."

मावशीची खोली बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखाली. आत टेबलावर इस्त्री तापलेली, शेजाऱ्यांचे कपडे घेऊन तिने कामाला सुरुवातही केली होती. आम्हाला बघून तिने भुवई उचलली.

"काय मुकादम? इस्त्रीला काही आणलंय?"

बादशहाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या माझ्या नवऱ्याला माफी मागायला आलो, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी ह्यांनी अंगातला शर्ट काढला आणि तिच्यापुढे धरला. खाली बनियनही नव्हता. पोट लपवावं की छाती, हे ह्यांना कळेना. गल्लीतली बाई बादली टेकवून बघत राहिली. मी मान वळवून हसले, मग डोळे पुसले.

मावशीने शर्ट उलटसुलट करून पाहिला, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री उचलली. एक बाही पुरी झाली तरी हे आपले उंबऱ्याबाहेरच.

"दारात काय उभे राहिलात असे उघडेबंब?" मान वर न करता ती म्हणाली. "आत या."