गिरधरचं मानधन

मी एस्टीत कंडक्टर आहे, शहादा-नंदुरबार रस्त्यावर. दिवसभर सुट्या पैशांवरून लोकांशी वाद घालून माझा आवाज चढा झालाय आणि डोकंही पटकन तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण गिरधरचं नाव निघालं की जे डोकं फिरतं, त्याला नोकरी कारण नाही. त्याला कारण एक शब्द आहे. चार अक्षरांचा, चांगला भारदस्त, सभेत शोभेल असा शब्द. त्याने माझ्या मित्राचं वाटोळं केलं.

गिरधर दगा आणि मी एका बाकावर बसायचो. आमचं गाव शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठी. स्वातंत्र्यानंतर गावाने वर्गणी काढून हायस्कूल उभं केलं होतं. इमारत अर्धी पक्की, अर्धी कुडाची, आणि मागे कुस्तीचा आखाडा, त्यावर नुसतं आभाळ. रतिलाल सर आम्हाला मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी लंगोट लावून आखाड्यात उतरायचे. गिरधरला त्यांनीच घडवला. पोरगा अभ्यासात ढ. निबंधाच्या वहीत त्याची कधी दोन वाक्यं धड आली नाहीत. पण एकदा का त्याने समोरच्याचा पट काढला, की तो माणूस थेट आभाळाकडे बघायचा. सत्तावन्न साली तो अकरावीत असताना आमच्या भागातल्या सगळ्या शाळांची पोरं त्याने चीत केली आणि राज्याच्या शालेय कुस्त्यांसाठी पुण्याला जायचं ठरलं. तेव्हा आमच्याकडचा सगळा कारभार धुळ्याहून चाले. धुळ्याला शालेय क्रीडा मंडळासमोर उभं राहायचं, त्यांनी हो म्हटलं की पुणं.

पुण्याचं त्याला वेडच लागलं होतं. मॅट्रिक झालं की शालेय कुस्ती संपली, म्हणजे जायचं तर याच वर्षी. तो मला म्हणायचा, "रूपसिंग, तठे कोनीच मले वळखत नही. तठे फक्त कुस्ती बोलस." गावात तो दगाचा पोऱ्या होता. तिकडे तो गिरधर असणार होता. एवढंच त्याला हवं होतं, दुसरं काही नाही.

त्याच सुमारास नंदुरबारहून चुनीलालशेठ आले. त्यांची तेलाची गिरणी. भुईमुगाचं तेल डब्यात भरून विकायचे आणि डब्यावर आतापर्यंत कमळ असायचं. शेठ दगाकाकांच्या ओट्यावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले की आता कमळ काढून पहिलवान टाकायचा विचार आहे, तुमचा गिरधर टाकू. फोटो काढू, खाली नाव घालू, 'हेच तेल खातो' असं लिहू, आणि पोराला त्याचे पैसे देऊ. दगाकाका खूश. गिरधरची आई धनुकाकू मात्र म्हणाल्या, "आमना घरमा ते तिळनं तेल ऱ्हास, घानावरनं." शेठ हसले. जाहिरात म्हणजे काही सत्यनारायणाची पोथी नव्हे, असं म्हणाले.

हे रतिलाल सरांच्या कानावर गेलं आणि ते धावत आले. पैशाला हात लावायचा नाही. शालेय खेळाडू म्हणजे हौशी खेळाडू, त्याने खेळावर एक पैसा कमावला की तो धंदेवाईक झाला, मग पुणं विसरा. दगाकाकांनी विचारलं, यात वाईट काय, पोऱ्या काही चोरी करत नाही. सर म्हणाले, "आज तेलवाला चित्राचे पैसे देईल. उद्या दुसरा कुणी येईल आणि हरण्याचे देईल. सतरा वर्षांचं पोर, त्याला कुठे थांबायचं ते कळेल का?"

हे मला तेव्हा पटलं होतं आणि खरं सांगायचं तर अजूनही अर्धं पटतं. कुस्ती विकणारे मी पाहिलेत. पण मग, अहो, चित्रच छापू द्यायचं नव्हतं ना. पोराचं तोंड बाजारात गेलेलं चालतं, फक्त त्याचा मोबदला पोराच्या हाती जायला नको, हा कुठला न्याय? सरांनी काय तोड काढली माहीत आहे? शेठचे पैसे शाळेने घ्यायचे आणि आखाड्यावर पत्रे घालायचे. सगळ्या पोरांचं भलं होईल. शेठने मान हलवली, हेडमास्तरांनी मान हलवली. गिरधरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चाली. मले पुन्याले जाऊ द्या म्हंजे झायं."

दगाकाका मात्र उठून जाताना पुटपुटले, "तोंड मन्हा पोऱ्यानं, पत्रा शाळाना." कुणी लक्ष दिलं नाही.

फोटोवाला आला. गिरधरच्या खांद्यावर नाटकातली लाकडी गदा दिली. गिरधरने जन्मात गदा धरली नव्हती, ती त्याने मुसळ धरावं तशी धरली. डबे आले ते थेट सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारापर्यंत गेले. गावातली पोरं त्याला 'डबा' म्हणायला लागली. तो वर्गात शिरला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "डबा उना रे." तोही हसायचा. धनुकाकू एकदा शहाद्याच्या बाजारात दुकानासमोर थांबल्या आणि दुकानदाराला अभिमानाने म्हणाल्या, "हाऊ मन्हा आंडोर शे," हा माझा मुलगा. तो तेल मोजता मोजता म्हणाला, "आंडोर तुन्हा माय, पन डबा शेठना." काकूंनी हे आम्हाला हसत सांगितलं. मला मात्र तेव्हाच डोक्यात तिडीक गेली होती.

मग गावची यात्रा आली. आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथूनच सुरू झाला. आमच्याकडे यात्रेच्या दंगलीत कुस्ती जिंकली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पहिलवान आपला फेटा सोडून झोळी करतो आणि आखाड्याभोवती फिरतो, लोक त्यात पैसे टाकतात. दुसरी म्हणजे गावाच्या वतीने कुणी मोठा माणूस त्याला नारळ देतो आणि फेटा बांधतो. याला आम्ही मानपान म्हणतो. झोळी म्हणजे कमाई. मानपान म्हणजे मानपान. तो नाकारला तर गावाचा अपमान होतो.

त्या दिवशी गिरधरने नंदुरबारच्या एका चांगल्या तालमीचा गडी पाडला. लोक ओरडत होते, फिर, फिर. शेजारच्या आखाड्यातला जिंकलेला पहिलवान झोळी जड करून गेला. आमचा गिरधर मात्र हात पाठीमागे बांधून उभा. सरांनी सांगितलं होतं ना, पैशाला हात लावायचा नाही. एका म्हाताऱ्याने त्याच्या मुठीत नाणं कोंबलं, ते त्याने परत दिलं आणि पाया पडला. मग पाटलांनी पाहुण्यांना पुढे केलं. पाहुणे म्हणजे चुनीलालशेठ. त्यांनी गिरधरला नारळ दिला आणि त्याच्या डोक्याला केशरी फेटा बांधला. गिरधरचे डोळे भरून आले होते. तो फेटा त्याने घरी खुंटीला लावला आणि धनुकाकूंना सांगून ठेवलं की याला कुणी हात लावायचा नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही धुळ्याला गेलो. गिरधर, सर आणि सोबतीला मी. एस्टीत सरांनी त्याची तयारी करून घेतली. पैसे घेतले का विचारलं तर नाही म्हण. रक्कम घेतली का विचारलं तर नाही म्हण. बक्षीस घेतलं का विचारलं तरी नाही म्हण. गिरधर पाठ करत होता. आयुष्यात त्याने एवढा अभ्यास कधी केला नव्हता.

आत टेबलामागे तीन माणसं. मधले अध्यक्ष, पुण्याकडची स्वच्छ मराठी बोलणारे. टेबलावर शेठच्या तेलाचा डबा ठेवलेला. कुणीतरी आधीच नेऊन दिला होता. अध्यक्षांनी डब्याकडे बघितलं, गिरधरकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "या गिरणीच्या मालकांकडून तुम्ही मानधन स्वीकारलंत का?"

मी दारात उभा होतो. गिरधरचा चेहरा उजळलेला मला दिसला. पैसे नाही, रक्कम नाही, बक्षीस नाही. साहेब मानाचं विचारताहेत. मोठ्या लोकांच्या बोलीत मानपानाला मानधन म्हणत असतील, असं त्याला वाटलं. तो छाती काढून म्हणाला, "हो साहेब. स्वीकारलं. सगळ्या गावासमोर स्वीकारलं."

"स्वतः मालकांच्या हातून?"

"हो साहेब. त्यांच्या हातून."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. किती घेतलं, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर हा म्हणाला असता, एक नारळ आणि एक फेटा. मी दारातून आत घुसलो आणि म्हणालो, साहेब, त्याला शब्द कळला नाही, त्याने पैसे घेतले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "तो मराठी हायस्कूलचा अकरावीचा विद्यार्थी आहे ना? मग?" आणि शिपायाने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. अहो, घरी आम्ही अहिराणी बोलणारी माणसं. तुमची मराठी आम्ही पुस्तकात बघितलेली, आणि पुस्तकात हा शब्द आला नव्हता.

दाराबाहेरूनही मी आत बसलेल्या रतिलाल सरांकडे बघत होतो. ते मराठीचेच शिक्षक. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. पण ते तोंडात गुळणी धरून बसले. हौशी नाही म्हणून गिरधरचं नाव कटलं. बाहेर पायरीवर तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "मी मान लिधा. काय चुकनं मन्हं?" सरांनी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला तो परतीच्या गाडीत, दोंडाईचा मागे गेल्यावर.

पुष्कळ वर्षांनी सर माझ्या गाडीत बसले होते, निवृत्त होऊन. मी तिकीट फाडता फाडता तोंडावर विचारलं, का बोलला नाहीत? ते म्हणाले, "गिरधरने पैसे घेतले नाहीत म्हटलं असतं, तर मग ते कुणी घेतले, हे विचारलं असतं. शाळेचं नाव गेलं असतं रे. आखाड्यावरचे पत्रे दाखवावे लागले असते." मी त्यांना उरलेले सुटे पैसे दिले आणि पुढच्या सीटकडे गेलो. म्हाताऱ्या माणसाशी गाडीत काय भांडायचं?

डबे मात्र विकले जात राहिले. गिरधर शेतीला लागला. कापूस, थोडी केळी. लग्न झालं, पोट सुटलं. कुस्ती तो पुन्हा खेळला नाही. पण दर वर्षी शालेय निवड असली की केशरी फेटा बांधून, तोच, आता विटलेला, तो निवडीच्या जागी जाऊन उभा राहायचा. लोकांना वाटायचं, जुना पहिलवान आहे, पोरांना डाव सांगायला येतो. तो एकही डाव सांगायचा नाही.

सदुसष्ट साली निवड नंदुरबारला होती. माझ्या गाडीला दुपारी तिथे थांबा, म्हणून मी त्याच्यासोबत गेलो. गोवाल नावाचा डोंगराकडचा पोरगा होता, चपळ, नुसता वारा. गिरधरने त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ध्यानमा ठेव. मानधन म्हंजे पैसा. मान नही. त्यास्नी इच्यारं ते नही म्हन."

गोवाल गोंधळला. "पन भाऊ, मी ते पैसा लेस." त्याने सदरा वर केला. आत नवी बनियन, छातीवर चुनीलालशेठच्या गिरणीचा पहिलवान. शेठ त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे देत होते, दुधाला म्हणून, आणि सरावाला ही बनियन घालायची अट होती.

मला वाटलं, आता गिरधर भडकणार. त्याने त्या बनियनवरच्या स्वतःच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "घरमा कोन शे?" गोवाल म्हणाला, माय आणि तीन बहिणी. गिरधरने त्याचा सदरा खाली ओढला, बटणं लावली आणि म्हणाला, "मंग घेत जा. आनि नही म्हन."

आत टेबलामागे कोण बसलं असेल? मंडळाचे नवे सदस्य म्हणून खुद्द चुनीलालशेठ. प्रश्न त्यांनीच विचारला. मानधन घेतलंस का? गोवाल म्हणाला, "नही शेठजी." शेठ म्हणाले, "शाब्बास. खेळाडू असा हवा." दारात उभ्या असलेल्या गिरधरवर त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी शिपायाला विचारलं, हा कोण, इथे का उभा आहे. त्यांच्या प्रत्येक डब्यावर ज्याचं तोंड आहे, त्याला त्यांनी ओळखलं नाही.

माझं पित्त खवळलं. मी आत जाणार होतो, तर गिरधरने मनगट धरलं. हात अजून तसाच लोखंडी आहे त्याचा. मी त्याला बाहेर आणून म्हटलं, "तू खरं बोललास तर घरी बसलास, आणि हा खोटं बोलून पुण्याला चालला. तूच शिकवलंस. काय मिळालं तुला?"

गोवाल निवड होऊन धावत आला आणि त्याच्या पाया पडला. गिरधरने डोक्यावरचा फेटा सोडला, पोराला समोर उभं केलं आणि पदर नीट काढत त्याच्या डोक्याला बांधला.

"हाऊ मान शे," तो म्हणाला. "याना इच्यारं कोनी, ते मातर हो म्हन."

मग तो बोडक्या डोक्याने माझ्या गाडीत येऊन बसला. त्याने तिकिटाचे पैसे पुढे केले, आणि मी घेत नाही म्हटल्यावर ते सीटवर ठेवून दिले.